रुमालाखालचा हात

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. मधलं आणि त्याच्या शेजारचं. ती अशीच राहतील असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. बाकीची बोटं गोळ्यांनी वाचली. त्या गोळ्या मिळायला जो उशीर झाला, तो कुणामुळं झाला हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. आपल्याच शरीराची राखण करणारी ताकद उलटते आणि आपलेच सांधे खायला लागते, तो. चाळिशीत लागला. करमाड, फुलंब्री, वैजापूर अशा सगळ्या बाजारांत मी हिंडतो. सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पिणारी माणसं मला तिथं दिसतात. ती पुढं कुठं जाणार हे मला माहीत असतं, म्हणून लिहितोय.

धंदा

मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी. बापामागं मेंढरं होती, जमीन नव्हती. पहिला बोकड विकला तो दुसऱ्याचा, त्यातून जे सुटलं त्यावर उभा राहिलो. आज शहरात हर्सूलच्या बाजूला पक्कं घर आहे, दारात टेम्पो आहे. यात कुणाचा हात नाही, माझाच आहे. हे मी शब्दशः म्हणतोय.

आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. अर्ध्या पेरावर दाबलं की अर्धा. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव दोघांनाच कळतो. तोंडानं मात्र दोघंही बोकडाच्या दातांवरून भांडत असतात. पण हात नुसता आकडा सांगत नाही. समोरचा गरजू आहे की घाईत आहे, की नुसता बघायला आलाय, हे त्याच्या बोटांच्या घामावरून कळतं. मी तापट माणूस आहे, तोंडानं लवकर सुटतो. रुमालाखाली मात्र माझा हात थंड असायचा. माझी सगळी कमाई त्या थंड हाताची.

सुरुवात

सकाळी उठून पाय टेकवला की तळव्याखाली खडे पसरल्यासारखं व्हायचं. मग बोटांची मुळं सुजली. दोन्ही हातांची, एकाच जागी. मूठ वळायची नाही. ऊन चांगलं वर येईपर्यंत बोटं मोकळी होत नसत आणि आमचा बाजार तर उजाडताच भरतो. कामानं दुखणं वाढतं असं आपण धरून चालतो. माझं उलट होतं. बसलो की आखडायचो, हिंडलो की जरा सुटायचो. ही या आजाराची खूण आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. गावाकडं म्हणाले, थंडी बाधली. मेडिकलवाला म्हणाला, युरिक अॅसिड असेल, मटण बंद करा. बोकडांच्या व्यापाऱ्याला मटण बंद करा म्हणणं सोपं असतं. तेही केलं. काही फरक पडला नाही.

एकदा शहरातल्या छावणीच्या बाजारात हनीफभाईनं रुमालाखाली माझी बोटं धरली आणि कळ थेट डोक्यात गेली. हनीफभाई वैजापूरकडचा जुना व्यापारी, माझ्या तोडीचा. आम्ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांना कापत आलो. त्यानं पहिलाच भाव दाबला होता. अजून बऱ्याच फेऱ्या व्हायच्या होत्या. मी मान हलवून सौदा दिला, फक्त त्यानं हात सोडावा म्हणून. त्यानं रुमाल काढला आणि माझ्याकडं बघत राहिला.

"क्या हुआ सेठ, तबियत तो ठीक है ना?"

"ठीकच आहे. घेऊन जा माल."

बाजारात पहिल्या भावाला मी कधी दिलं नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं.

पुडी

भगवान माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. कुठंच टिकत नव्हता. मी त्याला टेम्पोवर घेतला, जनावर पारखायला शिकवलं, रुमालाखाली हात घालायला शिकवलं. तोच एके दिवशी म्हणाला, "दाजी, एकदा काकाकडं चला. लई जणांना गुण आलाय."

काका म्हणजे बाजाराच्या कडेला लिंबाखाली सतरंजी टाकून बसणारा माणूस. पुढ्यात पितळी डबे, मागं वाळलेल्या मुळ्यांच्या जुड्या. त्यानं नाडी धरली, "वात हाडात उतरलाय," म्हणाला, आणि पुड्यांचा भाव सांगितला. मी घासाघीस सुरू केली. उठून चालायला लागलो, त्यानं परत बोलावलं. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. शेवटी त्याला निम्म्याच्याही खाली आणला. भगवान हसत होता.

"दाजींनी काकाला पण कापला," तो आजूबाजूच्यांना सांगत सुटला.

जी वस्तू मी भांडून खाली आणतो ती मला खरी वाटते. आमच्या सगळ्या जातकुळीचीच ही खोड. दात बघितल्याशिवाय मी बोकडावर हात ठेवत नाही, पण पुडीत काय आहे हे विचारलं नाही, कारण माझं सगळं लक्ष भावात होतं. त्या माणसाचं अर्धं आयुष्य बाजारात गेलेलं. व्यापाऱ्याला काय द्यायचं हे त्याला बरोबर माहीत होतं. त्यानं मला भांडण दिलं, आणि मी ते जिंकलो.

दोन-चार दिवसांत मूठ वळली. हे खोटं सांगणार नाही. कळ गेली, सूज गेली, भूक दुप्पट झाली. चेहरा भरला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. पुढं दिवसाला एक पुडी होती त्या दोन झाल्या, मग तीन. कातडी पातळ झाली, दोर घासला तरी हातावर काळेनिळे डाग उठायचे. साखर निघाली. एक पुडी चुकली तर दुसऱ्या दिवशी बिछान्यातून उठणं जड जायचं. असं दीड-एक वर्ष चाललं. आणि तेवढा सगळा वेळ, आतल्या आत, ही दोन बोटं खाल्ली जात होती.

करमाड

एकदा काका बाजारात दिसला नाही. पुढच्याही बाजारात नाही. कुणी म्हणालं जिल्हा बदलला, कुणी म्हणालं पोलीस येऊन गेले. माझ्या पुड्या संपल्या. चार-पाच दिवस कसेबसे काढले. मग करमाडला टेम्पोत बोकड चढवताना पायातलं बळ गेलं, पोटातलं सगळं बाहेर आलं आणि मी शेळ्यांच्या मधे पडलो. भगवाननं मला उचलून टेम्पोत घातलं आणि माल तिथंच टाकून शहरात दवाखान्यात आणलं. तो म्हणतो, वाटेत मी त्याला बोकडांचे भाव सांगत होतो.

शुद्धीवर आलो तेव्हा हाताला सलाईन होतं. रक्तदाब पार खाली गेलेला. सांध्यांच्या डॉक्टर म्हणून एक बाई आल्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी माझी बोटं एकेक करून मुळाशी दाबली. प्रत्येक वेळी मी दात आवळले आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते बघितलं.

"काय काय घेत होतात?"

"काही नाही."

सुमननं पिशवीतून कागदाची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही घेत होते. मी एक बाजूला ठेवली होती. मुळ्या सगळ्या तांबड्या, अन् आत हे पांढरं काय, म्हणून."

मला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हे तीही सांगेल.

डॉक्टर म्हणाल्या, यात बहुतेक स्टिरॉइड आहे. त्यानं सूज दबते, आजार आत चालूच राहतो. आणि इतके दिवस बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. मग एकदम बंद केलं की माणूस असा कोसळतो, कधी उठतही नाही. तेच औषध आता त्या मोजून देणार होत्या आणि हळूहळू उतरवणार होत्या.

"पण हात? हात पहिल्यासारखा कधी होईल?"

"दुखणं आणि सूज आटोक्यात येईल. काही महिने लागतील. ही दोन बोटं मात्र सरळ होणार नाहीत."

"एक तरी?"

"नाही."

"ऑपरेशन करून?"

"थोडी सुधारणा होऊ शकते. पकड पहिल्यासारखी येईल असं मी म्हणणार नाही."

"मॅडम, काहीतरी कमी-जास्त करा. मी पथ्य कडक पाळतो. गोळ्या दुप्पट घेतो."

"मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, वार ठरवून. रोज घेतली तर जिवावर बेतेल. आणि औषध कायमचं आहे असं धरून चला."

मी गप्प बसलो. ही माझी जुनी रीत. आपण गप्प बसलो की समोरचा अस्वस्थ होतो आणि खाली येतो. त्या माझ्याकडं बघत शांत बसून राहिल्या. त्यांना मला काही विकायचं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

वॉर्ड

पहाटे रक्त काढायला यायचे, मग साखरेची टोचणी, मग पाणचट चहा. डॉक्टरांची फेरी येईपर्यंत नुसतं छताकडं बघायचं. हात चादरीवर ठेवलेले असायचे आणि मी त्यांच्याकडं दुसऱ्याचे असल्यासारखा बघायचो. बरं वाटावं असं एकच होतं. वॉर्डातल्या मावशी सकाळी कोमट पाण्याचं घमेलं आणायच्या, त्यात हात बुडवला की बोटं जरा सुटायची. न सांगता आणायच्या.

हनीफभाई मोसंबी घेऊन आला. खाटेकडं बघून म्हणाला, "क्या सेठ, खुद बिकने को बैठे क्या इधर?"

हसलो. मग त्याला पुडीचं सांगितलं.

"वो झाड के नीचे वाले की? तुमारा साला लेके गया ना?"

"व्हय."

"उसकू मिलता ना हर गिऱ्हाईक के पीछे. मेरेकू भी बोला था वो बुढ्ढा, आदमी लाव, हिस्सा लेव. मैं बोला, मैं बकरे बेचता." तो मोसंबी सोलत होता, थांबला. "तुमकू नै मालूम? मैं समझा तुमारा भी रहेंगा उसमें."

मी आयुष्यभर दलालीत जगलो. कोण कुणाला कुठं नेतो आणि त्याला काय सुटतं, हे मला बाजारात शिरताच कळतं. आणि माझ्याच गळ्यात दोरी घालून मला लिंबाखाली नेलं तेव्हा मला ते दिसलं नाही. सगळ्या बाजाराला दिसलं होतं.

दुपारी भगवान डबा घेऊन आला.

"माझ्यावर किती घेतलंस?"

त्यानं डब्याची कडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "दाजी, त्यात काय होतं ते मला काय ठावं? आईला पण तीच पुडी आणून देतो मी, तिच्याकडं अजून थोड्या हायेत. गुडघ्याला."

"तिच्यावर पण घेतलंस?"

त्यानं डबा स्टुलावर ठेवला. मी पाण्याचा पेला डाव्या हातानं भिरकावला. लागला नाही. सिस्टर धावत आल्या. मी भगवानला एवढंच म्हणालो की म्हातारीच्या पुड्या एकदम बंद करू नकोस, उद्या तिला इथंच घेऊन ये. तो घेऊन आला. तिचं औषध अजून उतरवतायत.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

घर

घरी आल्यावर खरा आजार सुरू झाला असं मी म्हणेन. शर्टाची गुंडी लागेना. भाकरी मोडता येईना. संडासात लोटी धरता येईना. हे लिहायला लाज वाटते, पण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला कळावं की तो एकटा नाही. सुमननं सगळं केलं, न बोलता केलं, आणि तिच्या न बोलण्याचाच मला राग यायचा. एकदा ताट सरकवलं ते थेट भिंतीपर्यंत गेलं.

"राग काढायला बरा चालतोय हात," ती म्हणाली आणि फरशी पुसायला बसली.

मी तिला सांगून टाकलं होतं की हात चालायला लागला की तुझ्या भावाला काढणार. धंद्यातून आणि या घरातूनही. माझ्या जागी रुमालाखाली आता त्याचा हात जात होता, हे मला पेलत नव्हतं. ज्यानं मला विकलं तोच माझा माल विकत होता.

"काढा की," ती म्हणाली. "तोवर टेम्पो कोण चालवंल? मी?"

"तुला त्याचंच पडलंय."

"मला दोघांचं पडलंय. ते तुम्हाला दिसायचं नाही."

ती महिनोन्महिने आमच्यात निरोप्या झाली. तुझ्या भावाला सांग, दाजींना सांग. जेवताना तो ओट्यावर बसायचा, मी आत. तिनं चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवून आणली, म्हणजे मला जाड धरता यावं. त्या चमच्यानं मी पहिल्यांदा स्वतः वरणभात खाल्ला तेव्हा ती पाठ करून उभी होती.

मी मात्र दिवसभर व्यायाम करत होतो. मऊ माती दाबायची, बोटं टेबलावर पसरायची, कोमट पातळ मेणात बुडवायची. सांगितलं तेवढं, सांगितलं त्या वेळी. ठरल्या वारी गोळी, बाकीच्या दिवसांची वेगळी, वेळच्या वेळी रक्ताची तपासणी, डोळ्यांची तपासणी. पहिल्यांदाच आयुष्यात काही गोष्ट मी भाव न करता घेतली. हळूहळू सकाळचं आखडणं कमी झालं. सूज उतरली. कळ गेली, आणि या खेपेला ती पुडीसारखी गेली नाही, आतलं काही न खाता गेली. मला वाटायला लागलं की डॉक्टरांनी दोन बोटांबद्दल जास्तच सांगितलं असेल. पहिला आकडा नेहमी चढा असतो.

लोकांना काय सांगतो

दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजत असतील, सकाळी तास-तासभर मूठ वळत नसेल आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरकडं जा. पहिल्या काही महिन्यांतच जा. हा आजार पुसला जात नाही, पण लवकर धरला तर बोटं वाकत नाहीत. आणि पुडी घेत असाल तर ती एकदम टाकू नका, खिशात घालून डॉक्टरांना दाखवा.

एवढं मी सांगतो आणि हात पुढं करतो. फुलंब्रीच्या बाजारात एका मेंढपाळानं सगळं ऐकून घेतलं. माझी बोटं उलटीपालटी करून बघितली. मग विचारलं, "पण त्या पुडीनं तुम्हाला उतार पडला व्हता ना?"

"पडला होता."

"किती दिवसात?"

खोटं बोलायला हवं होतं बहुतेक. मी खरं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि लिंबाखालच्या नव्या माणसाकडं गेला. जुना गेला तर दुसरा आलाय, डबे तेच वाटतात.

छावणी

हात बरा वाटायला लागल्यावर मी बाजारात उतरलो. सुमन सकाळी दारात उभी होती. आज काय ठरणार आहे हे तिला माहीत होतं. भगवानलाही माहीत होतं. टेम्पोत आम्ही शेजारी बसून गेलो.

चांगले पोसलेले बोकड होते. हनीफभाई आला, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, नावं ठेवली. मग खांद्यावरचा रुमाल काढून पसरला. मी हात घातला.

त्यानं माझी बोटं धरली नाहीत. हात नुसता तळव्यावर घेतला, आजाऱ्याचा घेतात तसा. मी त्याची बोटं धरायला गेलो. दोन वाकडी मधेच आली, तिसरं निसटलं. जो आकडा पोचला तो माझा नव्हता. पुन्हा केला. पुन्हा चुकला. माझा हात घामानं भिजला होता.

"बोलो सेठ," तो हळू म्हणाला. "जो बोलेंगे वो देता."

"दाबा की हनीफभाई."

"नक्को. दुखेंगा."

तो खरंच देत होता. मी तोंडानं आकडा सांगितला असता तर त्यानं त्या दिवशी दिला असता, आणि पुढच्या बाजारातही दिला असता. बाकीच्यांनीही काही दिवस दिला असता. मग त्यांनी माझ्याकडं यायचं बंद केलं असतं. असा भाव मिळालेली माणसं मी बाजारात बघितली आहेत. ती टेम्पोच्या सावलीला बसून असतात.

मी हात बाहेर काढला. भगवान टेम्पोच्या मागच्या फाळक्याशी दोर धरून उभा होता, माझ्याकडं बघत नव्हता.

"भगवान. इकडं ये. हात घाल."

तो जागचा हलला नाही. आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं असावं. मग दोर बांधून आला आणि रुमालाखाली हात घातला. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन आकडा सांगितला. कित्येक महिन्यांत मी त्याच्या इतक्या जवळ गेलो नव्हतो. हनीफभाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग बाही मागं सारली आणि मोठ्यानं बोकडांना शिव्या द्यायला लागला. रुमाल हलला. भगवानचा खांदा खाली गेला.

"काय म्हणतोय?"

"लई दाबतोय, दाजी."

"दाबू दे," मी म्हणालो. "सोडू नको."